फुगे आलेल्या पेनीसाठी चार हजार डॉलर?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलंय: बचत खात्यात ९,००० डॉलर आहेत, महिन्याचा खर्च ४,५००. कमावणारे एकटे यजमान, तेही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. अकरा वर्षांच्या मुलाला नाण्यांचा नाद लागलाय. ओळखीतला एक विक्रेता टांकसाळीत चुकलेल्या ४० पेनींचा, म्हणजे एक सेंटच्या नाण्यांचा, लॉट ४,००० डॉलरना देतोय. त्यात मुलाम्याला फुगे किंवा चिरा आलेली ३१ नाणी, १९९५ची दुहेरी ठशाची ६, मुलामाच न चढलेली २ आणि १९८३चं अस्सल तांब्याचं १. तो म्हणतो, पेनी आता बंद झाली, भाव वाढतच जाणार. घ्यावा का?

ताई, नका घेऊ. मुलाचा नाद मात्र अजिबात मोडू नका, त्यासाठी स्वस्त वाट आहे, ती पुढे सांगतो.

आधी ती ३१ नाणी बघू, कारण लॉट भरगच्च दिसतो तो त्यांच्यामुळे. १९८२च्या मध्यापर्यंत अमेरिकन पेनीत ९५ टक्के तांबं असायचं आणि वजन ३.११ ग्रॅम. तांबं महाग पडायला लागलं तेव्हा जस्ताच्या चकतीवर तांब्याचा पातळ मुलामा चढवायला सुरुवात झाली. आता तांबं जेमतेम अडीच टक्के, वजन २.५ ग्रॅम. चकती नीट साफ झाली नाही तर मुलाम्याखाली वायू अडकतो आणि ठसा मारताना तो फुगून वर येतो. लिंकनच्या चेहऱ्यावर, अंकांभोवती उठलेले पुटकुळ्यांसारखे ठिपके ते हेच. चिरेचंही तसंच. ठशाच्या दाबाने अक्षराच्या कडेला मुलामा ताणून फाटतो आणि खालच्या जस्ताची करडी रेघ दिसते. भिंगाखाली ती रेघ हुबेहूब दुसऱ्या अक्षरासारखी वाटते, नवखा माणूस तिथेच फसतो. रेघ सपाट आणि करडी असेल तर तो फाटलेला मुलामा. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही अक्षरं उठावदार आणि तांब्याच्याच रंगाची असतात, कारण तिथे चूक साच्यातच झालेली असते.

फुगे-चिरांची नाणी अमाप आहेत, विशेषतः १९८२-८३ची. जाणकार संग्राहक त्यांना दुर्मीळ चूक म्हणत नाही, खराब माल म्हणतो. त्या ३१ नाण्यांची किंमत मी ३१ सेंटच धरतो. शिवाय मुलामा फाटला की जस्त उघडं पडतं आणि दमट हवेत खराब होऊन पांढरट भुकटी धरतं. दोन वर्षांनी रत्नागिरीला परतायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथल्या खाऱ्या हवेत ही नाणी किती टिकतील ते तुम्हीच बघा.

१९९५ची सहा नाणी खरी असू शकतात. 'लिबर्टी'ची अक्षरं दुहेरी असलेलं हे नाणं प्रसिद्ध आहे, पण भरपूर सापडलंय. चांगल्या अवस्थेतलं साधारण २० ते ५० डॉलरला मिळतं. सहाचे फार तर तीनशे धरा.

म्हणजे उरलेले ३,७०० डॉलर तुम्ही तीन नाण्यांसाठी मोजताय. मुलामा न चढलेलं नाणं खरं असेल तर त्याला चांगला गिऱ्हाईक मिळतो. पण साध्या पेनीचं तांबं रसायनाने उतरवून तसं नाणं घरीही करता येतं. अशा नाण्याची अक्षरं बोथट होतात, टांकसाळीची झळाळी जाते. आणि १९८३चं तांब्याचं? जुनी चकती चुकून नव्या वर्षाच्या ठशाखाली गेली, अशी अगदी मोजकी नाणी आहेत आणि ती हजारो डॉलरना विकली गेलीत. मग विक्रेता ते लॉटमध्ये का टाकतोय? काट्यावर ३.१ ग्रॅम भरलं तरी विश्वास ठेवू नका. १९८२ची तांब्याची पेनी पैशाला पासरी मिळते आणि तिच्या दोनाचा तीन करणारे कमी नाहीत. त्याला एवढंच सांगा, पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखणाऱ्या कंपन्यांकडून स्वतःच्या खर्चाने तपासून आण. तो काय म्हणतो त्यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

पेनी बंद झाली हे खरं आहे. १२ नोव्हेंबर २०२५ला फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पाडली. एक सेंटचं नाणं पाडायला ३.६९ सेंट लागत होते. पण सुमारे ३०० अब्ज पेनी अजून बाहेर आहेत असा सरकारचाच अंदाज आहे. टंचाई कुठून येणार?

आता घरचं बोलतो, कारण मला खरी काळजी त्याची आहे. यजमानांची नोकरी गेली तर एच-वन-बीवर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आज तुमच्याकडे बरोबर दोन महिन्यांचा खर्च आहे. चार हजार दिले की पाच उरतात, म्हणजे महिन्याभराचेच. नाणी तेव्हा विकायला काढलीत तर घाईतल्या विकणाऱ्याला दुकानदार पडेल भावच देतो. नफा झालाच तर वर्षभरानंतर विकूनही संग्राह्य वस्तूंवर २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो. शेअर-फंडांवर बहुतेकांना १५ टक्के असतो. घराच्या विम्यात नाण्यांना बऱ्याचदा २०० डॉलरचीच मर्यादा असते, तेही कागद काढून बघा.

आधी खात्यात २७,००० होऊ द्यात, म्हणजे सहा महिने निभतील.

मुलासाठी बँकेतून पेनीची एक पेटी मागवा. २५ डॉलरमध्ये २,५०० नाणी येतात. मिळाली नाही तर ५० सेंटचे रोल घ्या. दहापट दाखवणारं भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. १९८२ची नाणी तो वजनावरून वेगळी करेल, १९९५ची भिंगाखाली धरेल. बघून झालेली नाणी बँकेत परत भरा, पंचवीसच्या पंचवीस डॉलर जमा होतील. आणि त्याला एक १९८३चं सापडलं, काट्यावर ३.१ भरलं, तर ते घासू-पुसू नका, कडेला धरून पाकिटात ठेवा आणि मला लिहा.