वीस देश, वीस राजधान्या आणि कोरा नकाशा

प्रश्न : मी शाळेत आठवीच्या मुलांना स्पॅनिश शिकवते. स्पॅनिश भाषक देश आणि त्यांच्या राजधान्या मुले वर्णानुक्रमाने घडाघडा म्हणतात; पण कोरा नकाशा समोर ठेवला की पॅराग्वे आणि उरुग्वे यांची हमखास अदलाबदल होते. शिवाय काही पुस्तकांत देशांची संख्या वीस, तर काहींत एकवीस दिलेली आढळते. काय करावे?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : आधी संख्येचा घोळ मिटवू. ज्यांचा राज्यकारभार स्पॅनिशमधून चालतो असे स्वतंत्र देश 20 आहेत : युरोपात स्पेन, आफ्रिकेत इक्वेटोरियल गिनी आणि उरलेले 18 अमेरिकेच्या दोन्ही खंडांत. एकविसावे नाव असते ते प्वेर्तो रिकोचे. तेथील लोक स्पॅनिश बोलतात आणि तेथील राजधानी सान हुआन आहे. मात्र तो प्रदेश अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या अखत्यारीत येतो. तो शिकवावा जरूर, पण देश म्हणून मोजू नये.

तुमच्या अडचणीचे मूळ वर्णानुक्रमातच आहे. त्या यादीत ग्वातेमालाच्या पाठोपाठ थेट आफ्रिकेतील गिनी येतो, त्यामुळे मुलांच्या मनात शेजार तयारच होत नाही. त्याऐवजी मेक्सिकोपासून बोट ठेवून ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका असे पनामापर्यंत उतरावे. या सात मुक्कामांपैकी मेक्सिको, ग्वातेमाला आणि पनामा यांच्या राजधान्यांना देशाचेच नाव आहे आणि सान साल्वादोरही जवळजवळ तसेच असल्याने, पाठ करायला तेगुसिगाल्पा, मानाग्वा आणि सान होसे एवढीच तीन नावे उरतात. वाटेत बेलीझ लागतो, पण तेथील राजभाषा इंग्रजी आहे.

पॅराग्वे-उरुग्वेचा गोंधळ नदीने सुटतो. पॅराग्वेला समुद्र नाही. दक्षिण अमेरिकेत असे देश दोनच, दुसरा बोलिव्हिया. पॅराग्वेची राजधानी आसुन्सिओन ही पॅराग्वे नदीच्या काठी आहे. ती नदी पुढे पाराना नदीला मिळते, पारानाचे पाणी ला प्लाता या विस्तीर्ण खाडीत उतरते, आणि त्या खाडीच्या एका काठावर अर्जेंटिनाची बुएनोस आइरेस, तर दुसऱ्या काठावर उरुग्वेची मोन्तेविदेओ वसलेली आहे. मुलांना आसुन्सिओनपासून प्रवाहाच्या दिशेने निळी पेन्सिल फिरवायला सांगा. एका रेषेत तीन राजधान्या बसतात आणि समुद्र कोणाच्या वाट्याला आला हे वेगळे घोकावे लागत नाही.

बोलिव्हियाच्या बाबतीत मात्र उत्तरपत्रिका तपासताना सावध राहावे. घटनेनुसार राजधानी सुक्रे आहे आणि सर्वोच्च न्यायालयही तेथेच आहे. परंतु सरकार आणि संसद ला पासमध्ये बसते. हे शहर सुमारे 3,600 मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही अधिक उंचीवर आहे. माझ्या मते दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत, आणि दोन्ही लिहिणाऱ्याला शाबासकी. इक्वेटोरियल गिनीसाठी पुस्तकांत बिओको बेटावरील मालाबो छापलेले असते, पण मुख्य भूमीवर सियुदाद दे ला पास ही नवी राजधानी उभारण्यात आल्यामुळे जुन्या नकाशावर विसंबू नये.

ब्राझील यादीत का नाही, असे एखादे मूल विचारणारच. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी 1494 मध्ये तोर्देसियास येथे करार करून नव्या भूमीची उभी वाटणी केली. त्या रेषेच्या पूर्वेकडचा भाग पोर्तुगालकडे गेला आणि म्हणून तेथे पोर्तुगीज रुजली. याच पोर्तुगालने 1510 मध्ये गोवा घेतला, एवढे सांगितले की आपल्या मुलांना तो करार परका वाटत नाही.

प्रश्न : राजधान्यांची नावे देवनागरीत लिहून दिली तर उच्चार बिघडतील का? ‘क्विटो’ लिहावे की ‘कितो’?
— एक पालक, नाशिक

उत्तर : बिघाड देवनागरीमुळे होत नाही, इंग्रजी वाचनाच्या सवयीमुळे होतो. स्पॅनिशमधील त आणि द हे दंत्य आहेत, म्हणून ‘बोगोटा’पेक्षा ‘बोगोता’ आणि ‘क्विटो’पेक्षा ‘कितो’ मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ जाते. एच हे अक्षर मूक असल्याने क्यूबाची राजधानी ‘ला आबाना’ होते. जे या अक्षराचा उच्चार घशातून येणाऱ्या ‘ह’सारखा असतो, म्हणून ‘सान होसे’. आणि चिलेतला ‘च’ चिंचेतला, चमच्यातला नव्हे. फक्त सुटी नावे न देता पूर्ण वाक्य द्यावे. एकाने ‘क्वाल एस ला कापिताल दे पेरू?’ असे विचारावे आणि दुसऱ्याने ‘ला कापिताल दे पेरू एस लीमा’ असे म्हणत नकाशावर लीमावर बोट ठेवावे. बोट चुकले, तर तोंडी उत्तर बरोबर असूनही पाळी पुढच्याकडे जाते.