आधी स्टँडर्ड लायब्ररी चाळ

प्रिय,

कुठली लायब्ररी शिकू, असं विचारलंस. बाहेरची पॅकेजं शोधण्याआधी भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीची, म्हणजे भाषेसोबतच मिळणाऱ्या तयार कोडची, यादी एकदा वरपासून खालपर्यंत चाळ. पाठ करू नकोस, नुसती डोळ्यांखालून घाल. फाइली आणि थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणारे कामाचे धागे) हाताळायची सोय बहुतेक भाषांत तिथेच असते.

फक्त तिथे जुनं आणि नवं शेजारीशेजारी नांदतं. जुनं काढलं तर त्यावर चालणारे प्रोग्रॅम मोडतील, म्हणून ते राहतं, आणि नवशिकं माणूस नेमकं त्यालाच जाऊन धडकतं. जावाचंच घे. जुन्या ‘फाइल’ क्लासचं डिलीट फसलं तर नुसतं ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’ एवढंच उत्तर, हाती येतं. फाइल नव्हतीच, परवानगी नव्हती, की फोल्डर रिकामं नव्हतं? पत्ता लागत नाही. ते ‘फॉल्स’ तपासलं नाहीस, तर काही बिनसलंय हेही कळत नाही. 2011 साली जावा 7 मध्ये आलेल्या ‘फाइल्स’चं डिलीट अशा वेळी एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, फेकतं, आणि बहुतेकदा त्याच्या नावावरूनच कारण कळतं. शिकायचं तर हे शीक.

कॉन्करन्सीत, म्हणजे अनेक कामं सोबत पुढे नेण्यात, आधी एवढंच ठरव: प्रोग्रॅमचा वेळ वाट बघण्यात जातोय की आकडेमोडीत? पायथनमध्ये नेटवर्कची वाट बघायला थ्रेड चालतात. आकडेमोडीला मात्र नेहमीच्या पायथनमधलं गिल (ग्लोबल इंटरप्रिटर लॉक नावाचं कुलूप) आडवं येतं, कारण ते एका वेळी एकाच थ्रेडला पायथनचा कोड चालवू देतं. तिथे वेगळ्या प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र प्रोग्रॅमसारख्या चालणाऱ्या प्रती, लागतात. पायथनच्याच ‘कॉन्करंट फ्यूचर्स’पासून सुरुवात कर, त्यात थ्रेड पूल आणि प्रोसेस पूल (कामं वाटून घेणारे थ्रेडचे किंवा प्रोसेसचे गट) वापरायची रीत जवळपास सारखीच आहे.

आणखी एक मेख. पायथनच्या असिंक फंक्शनमध्ये, म्हणजे वाट बघताना इतर कामांना वाव देणाऱ्या फंक्शनमध्ये, साधं ‘ओपन’ करून मोठी फाइल वाचलीस, की वाचन संपेपर्यंत ही सगळी कामं आळीपाळीने चालवणारा अख्खा इव्हेंट लूप ताटकळतो. असिंकआयओ या पायथनच्या असिंक लायब्ररीत फाइलींसाठी वेगळी सोय नाही. पायथन 3.9 मध्ये आलेल्या ‘टू थ्रेड’ने ते वाचन दुसऱ्या थ्रेडवर ढकल.

रस्टमध्ये थ्रेड आणि फाइली स्टँडर्ड लायब्ररीत मिळतात, असिंकचं रनटाइम, म्हणजे असिंक कामं चालवणारी यंत्रणा, बाहेरून आणावं लागतं. बरेच जण टोकिओ नावाचं रनटाइम घेतात, तूही घे. एरवी बाहेरचं काही घेताना ते सोबत किती डिपेन्डन्सी (त्याला लागणारी इतर पॅकेजं) ओढून आणतंय, हे जरूर बघ.

आता एक काम. फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या ओळी मोजणारा प्रोग्रॅम लिही, आधी एकामागून एक, मग दोन्ही पूल वापरून. तिन्हींना लागलेला वेळ मला कळव.