आईच्या नावानं काय द्यावं?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मार्गशीर्षात आमच्या आईचं वर्षश्राद्ध आहे. आईची धाकटी बहीण, आमची मावशी, जन्मापासून कर्णबधिर होती. शाळेत कधी गेली नाही, लग्न झालं नाही. ती आईजवळच राहिली आणि आईच्या आधी गेली. दोघी हातांनी बोलायच्या. आम्हा मुलांनाही त्यातलं सगळं कळायचं नाही. आईला हाक मारायची तर मावशी नाकाला बोट लावायची, आईच्या चमकीची खूण म्हणून. आम्ही तिघा भावंडांनी दीड लाख रुपये बाजूला काढले आहेत. तालुक्याच्या गावी कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आहे, जवळच एक बालगृहही आहे. त्या दिवशी दोन्हीकडे पुरणपोळीचं जेवण द्यावं, मुलांना श्रवणयंत्रं वाटावीत, भोजनगृहात दोघींचा फोटो लावावा असं मनात आहे. धाकटा भाऊ मस्कतला असतो, त्याला मुलांसोबतचे फोटो हवे आहेत. थोरल्या वहिनी म्हणतात, संस्थेच्या खात्यात पैसे भरून मोकळं व्हावं. तुम्ही आयुष्यभर या मुलांना शिकवलंत. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पुरणपोळी जरूर घाला. फक्त आधी अधीक्षकांना फोन करून त्या आठवड्यात आणखी कुणाचं जेवण आहे का ते विचारा. पितृपक्षात आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना बालगृहात गोडाधोडाची रीघ लागते, मुलांची पोटं बिघडतात. एप्रिल-मेमध्ये मात्र किराण्याची उधारी चढलेली असते. मार्गशीर्षातल्या एका पंगतीबरोबर वैशाखातला महिन्याचा किराणाही आईच्या नावावर लावलात, तर स्वयंपाकघरातल्या मावशी तुम्हाला दुवा देतील.

श्रवणयंत्रं मात्र वाटू नका, हे मी कळकळीनं सांगते. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आपल्याला चालत नाही, तसंच यंत्राचंही आहे. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे कुठला आवाज किती ऐकू येतो याची तपासणी, मग त्या मुलाच्या आलेखाप्रमाणे यंत्राची जुळवणी. एकाच मापाचं यंत्र वीस मुलांच्या कानात बसवलं तर काहींना काही ऐकू येत नाही आणि काहींचं डोकं दुखतं. आणि यंत्रासाठी पैसे नाहीत ही आता मुख्य अडचणही राहिलेली नाही. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून यंत्रं मिळतात, लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटलाही, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या यंत्रालाही, त्यातून मदत होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे यासाठी चौकशी करता येते.

गाडं अडतं ते यंत्र मिळाल्यानंतर. यंत्राला कानात धरून ठेवणारा साचा असतो, आम्ही त्याला मोल्ड म्हणतो. मूल वाढतं, कान वाढतो, साचा सैल होतो. सैल झाला की यंत्र शिट्टी मारायला लागतं. शेजारचं ऐकणारं मूल कानावर हात ठेवतं, ज्याच्या कानात यंत्र आहे ते ओशाळून यंत्र काढतं आणि दप्तरात टाकतं. अशी दप्तरातली यंत्रं मी किती गोळा केली असतील! अगदी लहान मुलांचा साचा काही महिन्यांत बदलावा लागतो, शाळेच्या वयात साधारण वर्षाकाठी. दुसरा खर्च सेलचा. 675 नंबरचा निळ्या कागदाचा, 13 नंबरचा नारिंगी कागदाचा. तो कागद सोलला की आत हवा जाते आणि सेल सुरू होतो. मग यंत्र वापरा किंवा न वापरा, आठ-पंधरा दिवसांत तो उतरतो. पावसाळ्यात दमट हवेनं यंत्रच बिघडतं. रात्री ते ठेवायला सिलिका जेलची डबी लागते. आईवडील असलेल्या घरी या गोष्टींकडे कुणाचं तरी लक्ष असतं. बालगृहातून या शाळेत येणाऱ्या मुलाच्या बाबतीत सेल संपलाय हे कुणी ओळखायचं?

आता माझ्या मनात सर्वांत वर असलेली गोष्ट. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील ऐकणारे असतात. म्हणजे घरातही मुलाची भाषा येणारं माणूस आपोआप मिळत नाही, ते घडवावं लागतं. तुमच्या मावशींना तुमच्या आईनं ते दिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईला आयुष्यभर बोलायला एक माणूस होतं. अनाथ कर्णबधिर मुलाला ते कोण देणार? शाळेच्या वसतिगृहात मित्र असतात, शिक्षक असतात. दिवाळीची आणि मेची सुट्टी लागली की बाकीची मुलं गावी जातात आणि हे मूल परत बालगृहात जातं. तिथल्या ताई-मावश्या जीव लावतात, पण जेव, झोप, आंघोळ कर यापलीकडच्या खुणा त्यांना कुणी शिकवलेल्या नसतात.

माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगा होता. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी तो प्रार्थनेला उभा राहीना, माझा पदर ओढून मैदानात घेऊन आला. दोन्ही हात वर करून त्यानं झाड उभं केलं, गालफडं फुगवून वारा आणला, मग कोपरापासून हात आडवा पाडला. बोटांनी पिलं दाखवली, तीन. एक मेलं, दोन जगली, त्यानं खोक्यात ठेवली, भात भरवला. बालगृहाच्या आवारातला लिंब वादळात पडला होता, मेच्या पहिल्या आठवड्यात. सांगायला कुणी नव्हतं म्हणून ही गोष्ट त्यानं शाळा उघडेपर्यंत पोटात ठेवली होती. त्या दिवशी माझ्या वर्गात गणिताचा तास झाला नाही. सगळ्या मुलांनी त्याच्याकडून ती पिलं पुन्हा पुन्हा ऐकून घेतली.

म्हणून माझा सल्ला असा, की तुमच्या पैशातला मोठा वाटा या सुट्ट्यांवर खर्च करा. तुमच्याच तालुक्यात खुणांनी बोलणारी मोठी कर्णबधिर माणसं असतील: शिवणकाम करणारी, आयटीआय झालेली, शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांच्यापैकी एखाद्या बाईला किंवा जोडप्याला मानधन देऊन दर रविवारी आणि पूर्ण मे महिना बालगृहात येऊ द्या. मुलांशी गप्पा मारायला, गोष्टी सांगायला, आणि तिथल्या ताईंना खुणा शिकवायला. अधीक्षकांची आणि बालकल्याण समितीची, म्हणजे बालगृहातल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीची, परवानगी आधी घ्या. येणाऱ्या माणसाची पोलीस पडताळणी मागतील, ती मागायलाच हवी. ताईंसाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजारांहून अधिक शब्दांचा कोश इंटरनेटवर फुकट आहे, दिल्लीच्या सरकारी सांकेतिक भाषा केंद्रानं तयार केलेला. पण नुसत्या व्हिडिओवरून बोलणं येत नाही, समोर माणूस लागतं.

पैशाचं गणित सांगते. कायम निधी ठेवण्याचा आग्रह बरेच जण करतात, नाव कायमचं राहतं म्हणून. 1,50,000 रुपयांचं व्याज आजच्या दरानं वर्षाला नऊ-दहा हजार. एवढ्यात धड साचेही होणार नाहीत, मानधनही नाही. त्यापेक्षा वर्षाला 30,000 रुपये असे पाच वर्षं खर्च करा. पाच वर्षांत तिसरीतलं मूल आठवीत जातं. वहिनींना सांगा, खात्यात भरून मोकळं होऊ नका. देताना कशासाठी देतो ते पत्रात लिहून द्या, पावती घ्या, आणि वर्षअखेर खर्च कसा झाला ते बघायला प्रत्यक्ष जा. बालगृहाची बाल न्याय कायद्याखालची नोंदणी आणि शाळेची दिव्यांग कायद्याखालची नोंदणी बघायला मागण्यात संकोच कसला? चांगली संस्था आनंदानं दाखवते. रोख देऊ नका, चेकनं द्या. 2000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला आयकराची सवलत मिळत नाही.

साचे आणि सेल भावावर सोपवा. तो दरमहा ठरावीक रक्कम बँकेतून थेट शाळेला पाठवू शकतो. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या कमाईचे असतील, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. फोटोंबद्दल मात्र त्याला स्पष्ट सांगा. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 प्रमाणे बालगृहातल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता किंवा छायाचित्र कुठल्याही माध्यमात देता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून फोटो कुठे जाईल हे आपल्या हातात नसतं. आणि ताट पुढ्यात असताना कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावलेलं मूल मला बघवत नाही.

दोघींचा फोटो लावायला माझी ना नाही. माणसाच्या नावानं काम उभं राहावं ही आपल्याकडची जुनी, चांगली रीत आहे. पंढरपुरात प्रार्थना समाजानं 1875 मध्ये सुरू केलेला बालकाश्रम नवरंगे यांच्या नावानं ओळखला जातो. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर बेवारस सोडलेल्या कर्णबधिर, अंध, मतिमंद मुलांना सांभाळतात; त्या बालगृहाला नाव अंबादासपंत वैद्य यांचं आहे, आणि मुलांच्या नावापुढे वडील म्हणून बाबांचं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा पूर्ण झाली की अशा मुलांना बाहेर काढू नये, हे त्यांचं मागणं जुनंच आहे आणि मला ते शंभर टक्के पटतं. कायद्यात अठरानंतर एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यावरही आधार देण्याची, सोय आहे, पण ती सगळ्यांपर्यंत पोचत नाही. तुमच्या बालगृहातून या वर्षी कुणी बाहेर पडणार असेल तर अधीक्षकांना विचारा. खोलीची अनामत, शिलाई मशीन, एक साधा मोबाइल, एवढ्यावर त्या मुलाचं किंवा मुलीचं पहिलं वर्ष निभावतं.

श्राद्धाच्या दिवशी जेवण झाल्यावर मुलांना आईची आणि मावशींची गोष्ट सांगा. भाषण नको, तुम्हाला येतील तेवढ्या खुणांनीच सांगा, शाळेतल्या बाई मदत करतील. नाकाला बोट लावून ती चमकीची खूण दाखवा. ती तुमच्या आईचं नाव म्हणून मुलं लक्षात ठेवतील, फोटोखालच्या अक्षरांपेक्षा जास्त. ती मुलं तुम्हालाही एखादं नाव ठेवतील, तयारीत जा.

फोन मात्र आत्ताच करा. दिवाळीच्या सुट्टीत किती मुलं बालगृहात परतणार आहेत आणि कुणाकुणाचे साचे सैल झालेत, हे दोनच प्रश्न आधी विचारा. कानाचं माप घेऊन साचा तयार होऊन यायला वेळ लागतो.