वाचक विचारतात : ग्राफिक्स कार्ड ३०६० घेऊ की ४०६०?

प्रश्न : सर, मी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी एक भाषा मॉडेल (चॅटजीपीटीसारखं, मजकूर लिहिणारं) घरच्या पीसीवर मराठीत चालवायचंय, जमलं तर थोडं फाइन-ट्यूनही, म्हणजे माझ्या मजकुरावर आणखी शिकवायचंय. दुकानदार म्हणतो ८ जीबी मेमरीचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घे, नवीन आहे. मैत्रीण म्हणते १२ जीबीचं ३०६० घे. कुणाचं ऐकू?

उत्तर : मैत्रिणीचं. दुकानदार खोटं बोलत नाहीये, गेमिंगला ४०६० सरस आहे आणि वीजही कमी खातं, ११५ वॉट, ३०६० ला १७० लागतात. पण तुला काय गेम खेळायचा नाहीये (खेळशीलच म्हणा).

आधी बघायचं मॉडेल कार्डच्या मेमरीत मावतं का. ८ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे मॉडेलने शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल १६ बिटमध्ये ठेवलं तर प्रत्येक आकड्याला २ बाइट, म्हणजे नुसतं मॉडेलच १६ जीबी, दोन्ही कार्डांच्या आवाक्याबाहेर. म्हणून ते क्वांटाइझ करून, म्हणजे आकडे कमी अचूक ठेवून, ४ बिटवर आणतात, मग साधारण ५ जीबीत बसतं, उत्तरं किंचित घसरतात पण चालतं. वर संदर्भाला (म्हणजे आतापर्यंतचा प्रश्न-उत्तराचा मजकूर लक्षात ठेवायला) वेगळी मेमरी लागते, मजकूर लांबला की तीही वाढते, आणि मराठीत तर जास्तच, कारण मजकुराचे तुकडे (टोकन) पाडणारे टोकनायझर बऱ्याच मॉडेलांत देवनागरी शब्दांचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पाडतात. ८ जीबीत हे सगळं कोंबायचं आणि स्क्रीनही त्याच कार्डावर चालवायची, मग जागा संपली की मॉडेलचे काही लेयर (थर) पीसीच्या साध्या रॅमवर जातात आणि सगळं गोगलगायीसारखं सरकायला लागतं.

आता वेग. एकेक टोकन काढताना जवळपास अख्खं मॉडेल मेमरीतून वाचलं जातं, त्यामुळे बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून वाचण्याचा वेग, बघ : ३०६० ची सेकंदाला ३६० जीबी, ४०६० ची २७२. २०२१ चं कार्ड २०२३ च्या कार्डाच्या पुढे! कारण नव्याला एनव्हिडिया कंपनीने १२८ बिटची बस (मेमरीकडे जाणारी वाट) दिली, जुन्याला १९२ ची होती. ही कसर गेममध्ये मोठी कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) भरून काढते, पण २४ एमबीच्या कॅशमध्ये ५ जीबीचं मॉडेल काय मावणार. आणि हो, ३०६० चं ८ जीबीवालंही येतं, त्याची बस १२८ बिटचीच आहे, बिलावर १२ लिहिलंय ना ते नीट बघून घे.

फाइन-ट्यूनिंग : पूर्ण मॉडेल ट्रेन करायचं विसर, नेहमीच्या पद्धतीने त्याला शंभर जीबीच्या वर मेमरी लागते. २०२३ मध्ये आलेली क्यूलोरा पद्धत वापर, त्यात मूळ मॉडेल ४ बिटमध्ये गोठवून फक्त त्याला जोडलेले छोटे भाग (अडॅप्टर) शिकवतात. बॅच १ ठेवून (एका वेळी एकच उदाहरण), मजकूर आखूड ठेवून १२ जीबीत जमतं.

प्रश्न : दोन ३०६० लावले तर २४ जीबी होतात का?

उत्तर : मॉडेल चालवायला, हो, अर्धे लेयर इकडे अर्धे तिकडे. मॉडेल दोन कार्डांवर वाटायची युक्ती जुनीच आहे, २०१२ चं ॲलेक्सनेट हे चित्रं ओळखणारं मॉडेल ३ जीबीच्या एका कार्डात मावेना म्हणून दोन जीटीएक्स ५८० वर वाटून ट्रेन केलं होतं, तीही गेमिंगचीच कार्डं. पण लेयरांच्या वाटणीत वेग दुप्पट होत नाही, कारण पहिल्याचं काम होईपर्यंत दुसरं बसून राहतं. घेण्याआधी मदरबोर्डवर दुसरा मोठा स्लॉट आहे का आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा आहे ते बघा, दोन कार्डांचेच ३४० वॉट होतात, प्रोसेसर वेगळा.