बाथरूमची कडी

प्रिय पोरी,

काल तुझ्या आईचा फोन आला होता. दवाखान्यातून हॉस्टेलवर परत गेल्यापासून तू मेसमध्ये जेवत नाहीस, मैत्रिणींना ‘ॲसिडिटी झालीय’ म्हणून सांगतेस आणि इन्सुलिन बाथरूमची कडी लावून घेतेस, असं ती म्हणाली. मलाही तुझ्यासारखाच टाइप वन मधुमेह कॉलेजात असल्यापासूनच आहे. म्हणून ‘पोरीला जरा धीर दे’ अशी कामगिरी माझ्यावर आली. धीर देणं मला फारसं जमत नाही. त्या कडीबद्दल मात्र बोलायचंय.

रडू येत असेल तर खुशाल रड. ‘हल्ली घरोघरी शुगर आहे गं’ म्हणून लोक तुझं रडणं थांबवायला बघतील. घरोघरी असतो तो बहुतेक टाइप टू. पन्नाशीत गोळी सुरू झालेल्या काकांशी तुझी बरोबरी होत नाही. तुझ्याच शरीराच्या संरक्षणयंत्रणेने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या. हे पेढे खाऊन होत नाही. आई दुधात साखर घालायची म्हणूनही होत नाही. हे तिलाही एकदा स्पष्ट सांग. फोनवर तिचा आवाज ऐकून मला वाटलं, ती रात्र रात्र हाच हिशोब करत बसली असेल. (टाइप टूवाल्यांनाही लोक ‘गोड खाल्लंस ना, भोग आता’ म्हणतातच. तिथेही आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, पण बोलणाऱ्याला काय पडलंय!)

लपवण्यावरून एलिझाबेथ ह्यूज आठवते. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. तिला 1919 च्या सुमारास, अकरा-बारा वर्षांची असताना, मधुमेह झाला. तेव्हा इन्सुलिन नव्हतं. उपचार म्हणजे जवळपास उपाशी ठेवणं, एवढाच. पंधराव्या वर्षात ती वीस किलोची उरली होती. ऑगस्ट 1922 मध्ये टोरोंटोत इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक, डॉ. बँटिंग यांनी तिला इन्सुलिन सुरू केलं आणि पोरगी बघता बघता भरली. पुढे लग्न, तीन मुलं, समाजातली मोठमोठी कामं, सगळं झालं. 1981 मध्ये गेली, वयाच्या 73 व्या वर्षी. पण आपल्याला मधुमेह आहे हे तिने जन्मभर लोकांपासून लपवलं. इन्सुलिनने जगलेल्या पहिल्यावहिल्या माणसांतली ती एक, आणि तेच कुणाला कळू द्यायचं नाही! मला तिचा राग येत नाही. त्या काळी तिला काय काय ऐकावं लागलं असतं, कोण जाणे. पण वडिलांचं नाव, पैसा, घरात मदतीला माणसं असं सगळं तिच्या दिमतीला होतं. तुझ्या खोलीत दोन मैत्रिणी आहेत, आणि गरज त्यांचीच लागणार आहे.

कारण शुगर लो होते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो, समोरच्यावर विनाकारण खेकसायला होतं. अशा वेळी डोकं धड चालत नाही, म्हणून त्या दोघींना आधी माहिती हवं. 70 च्या खाली गेली की तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून किंवा ग्लुकोज पावडर, आणि पंधरा मिनिटांनी परत बोट टोचून शुगर बघायची. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. आज रात्री जेवण झाल्यावर दोघींना समोर बसव, पोटाची चिमूट धरून त्यांच्यासमोर इन्सुलिनचं पेन टोच. पहिल्या दिवशी ‘ई गं’ करतील. चार दिवसांनी ‘टोचलंस का?’ म्हणून त्याच ओरडतील.

आता आकड्यांचं. सकाळी उपाशीपोटी 212 दिसलं की दिवसभर तोंड पाडून बसतेस म्हणे. पहाटे शरीर स्वतःच कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं सोडतं, लिव्हर रक्तात साखर ओततं. सर्दी-तापाने वाढते, तोंडी परीक्षेच्या धास्तीने वाढते, बऱ्याच जणींची पाळीच्या तोंडावर वाढते. वहीत नुसता आकडा नको, शेजारी ‘रात्री उशिरा जेवले’, ‘ताप’ असं काय घडलं ते लिही. आणि डॉक्टर ओरडतील म्हणून 212 चे 142 करू नकोस. हा उद्योग आपल्यात फार चालतो. त्या खोट्या 142 वर डॉक्टर डोस ठरवतात, आणि तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी केली की बिंग फुटतंच. आकडा बघून नुसते रागावणारे डॉक्टर भेटले तर सरळ दुसरे शोध.

नातेवाईक येतील. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, ‘आमच्या गावच्या वैद्याने इन्सुलिन सोडवलं’. ऐकून घे, वाद घालू नकोस, पण इन्सुलिनचा एकही डोस चुकवू नकोस. टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांतच जिवावर बेततं. ‘आता हिच्या लग्नाचं कसं’ हा प्रश्न बहुधा तुझ्यादेखतच निघेल. स्थळ बघायची वेळ आली की पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं. ऐकून जो मागे सरेल, तो लग्नाआधीच सरलेला बरा.

मधूनमधून या सगळ्याचा वीट येईल. वीट कुणालाही येतो, मलाही येतो. पण झोप उडाली, जेवण नकोसं झालं, मुद्दाम टोचायचं टाळावंसं वाटलं, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना स्पष्ट सांग आणि समुपदेशक माग. रात्री-अपरात्री जीव घुसमटला तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत.

गणपतीत घरी जाशील. मोदक खायचा असेल तर डॉक्टरांना आधीच विचार, एका मोदकाला किती युनिट. तेवढं घे आणि सगळ्यांच्या पंगतीत बसून खा. स्वयंपाकघरात उभ्याने नको.

आणि हो, वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नकोस, सफाईवाल्या मावशींच्या हाताला लागतात. जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा डबा ठेव. भरला की दवाखान्यातच नेऊन दे. रविवारी दुपारी मी घरीच असते, फोन कर.

तुझी,
मावशी