‘डिटरमाईन’ आणि मागचे बाक

“ताई, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता पुण्यात बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लेखी पेपरात मार्क चांगले पडतात. पण मागच्या सेमिनारला ‘डिटरमिन’ऐवजी ‘डिटरमाईन’ म्हणाले, मागचे बाक हसले आणि पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडालं. शुक्रवारी दह्यातल्या जिवाणूंवर बोलायचंय. आजारी आहे म्हणून सांगू का? – ततपप”

ततपप,

टोपणनाव झकास आहे. आजारी मात्र पडू नकोस. एकदा टाळलंस की पुढच्या वेळी भीती व्याजासकट उभी राहते.

आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत भेटायची. 2000 पासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं, म्हणजे तू ते भरपूर वाचलंस, लिहिलंस. बोललीस किती? सर धडा वाचणार, मराठीत अर्थ सांगणार, तू उत्तरं उतरवून घेणार. डोळ्यांनी शिकलेली भाषा ही. ‘माईन’, ‘फाईन’ वाचणाऱ्या मुलीने ‘डिटरमाईन’च वाचायचं, चूक तुझ्यापेक्षा त्या स्पेलिंगची जास्त आहे!

टेक्सासच्या विद्यापीठात स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांचंही असंच व्हायचं. ही भीती मोजायला एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये 33 विधानांची प्रश्नावली छापली. ‘मी बोलले की बाकीचे हसतील’ हे त्यातलंच एक विधान. तिथली बहुतेक मुलं घरी इंग्रजीच बोलणारी, बरं का.

माझ्या मते तुला पाडलं ते पाठांतराने. पाठ केलेलं भाषण म्हणजे स्वेटरचं विणकाम. एक टाका सुटला की सगळं उसवतं. तेव्हा फक्त पहिली दोन वाक्यं घोकून ठेव, बाकीचं घोकू नकोस. आज रात्री रूममेटला मराठीत सांग: विरजण लावल्यावर दुधात काय होतं. ते तुला आईच्या स्वयंपाकघरापासून ठाऊक आहे. मग तेच तुटक इंग्रजीत: ‘बॅक्टेरिया यूज द शुगर इन मिल्क. दे मेक लॅक्टिक ॲसिड. द मिल्क सेट्स.’ इतकी छोटी वाक्यं चालतात. मॅडमना जिवाणू कळले पाहिजेत, तुझं व्याकरण नव्हे. कागदावर वाक्यं लिहू नकोस, नुसते मुद्दे लिही. अवघड शब्दांचे उच्चार मोबाइलवर ऐकून ते देवनागरीत लिहून ठेव, लाज कसली त्यात? आणि हे सगळं मोठ्याने, उभं राहून, निदान चार वेळा. मनातल्या मनात केलेला सराव जिभेपर्यंत पोचत नाही.

प्रश्न कळला नाही तर ‘प्लीज रिपीट’ म्हण. शब्द अडला तर मराठी शब्द टाकून पुढे जा. हसणारे हसतीलच, दोघेतिघे असतात ते प्रत्येक वर्गात.

पण वर्गात जायच्या विचारानेच रोज उलटी होत असेल, झोप उडाली असेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट. तिथे माझं पत्र पुरायचं नाही.

गुरुवारी संध्याकाळी विरजण लाव. शुक्रवारी वाटीभर दही वर्गात ने आणि पहिलं वाक्य त्याच्याकडे बोट दाखवून म्हण.

– ताई