गप्प बसलेल्या वर्गाला बोलते करताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. इंग्लंडमधल्या लीड्सला जुलैपासून सुरू होणाऱ्या प्रवेशपूर्व इंग्रजीच्या वर्गात संभाषणाचा तास तुझ्याकडे आला आहे आणि सोळांपैकी तेरा विद्यार्थी चीनचे आहेत, हे वाचून फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस, की ही मुले लाजाळू असतात असे सगळेच सांगतात, तर त्यांना बोलते कसे करायचे. ‘लाजाळू’ हा शब्द तू आधी मनातून काढून टाक. मधल्या सुट्टीत याच मुलांचा जिन्यावरचा गलबला ऐकलास, तर लाजाळूपणाशी त्यांचा काही संबंध नाही हे तुझ्या लक्षात येईल. वर्गात ती गप्प बसतात ती आपल्या तोंडून चुकीचे काही जाईल या धास्तीने, आणि ही धास्ती बारा-पंधरा वर्षांच्या शिक्षणाने त्यांच्यात मुरलेली असते.

चीनमध्ये 2001 च्या धोरणापासून साधारणपणे तिसरीत इंग्रजी सुरू होते आणि त्या साऱ्या अभ्यासाचा रोख बारावीनंतरच्या ‘काओखाओ’ या प्रवेशपरीक्षेकडे असतो. बहुतेक प्रांतांत तिच्या 750 गुणांपैकी 150 इंग्रजीला असतात. ते वाचन, लेखन, भाषेचा वापर आणि ऐकणे यांत वाटलेले असतात. बोलण्याला बहुतेक ठिकाणी त्या एकूण गुणांत जागाच नाही. पन्नासेक मुलांच्या वर्गात सकाळी सगळ्यांनी मिळून धडा मोठ्याने वाचायचा, आणि एकट्याने उभे राहायचे ते उत्तराची खात्री असेल तेव्हाच, अशी सवय लागते. अशा इंग्रजीला तिकडे ‘याबा यिंग्यू’, म्हणजे ‘मुके इंग्रजी’, असेच म्हणतात. त्यात ‘द्यूल्येन’ची भर पडते. शब्दशः त्याचा अर्थ चेहरा गमावणे. आपल्याकडे चारचौघांत नाक कापले जाते ते हेच.

मी शिकवायला लागले तेव्हा यातले मला काही ठाऊक नव्हते. मी प्रश्न विचारायचे, दोन सेकंद वाट पाहायचे आणि शांतता सहन न होऊन उत्तरही मीच देऊन टाकायचे. त्यानंतर तोच प्रश्न मी एखाद्याला नाव घेऊन विचारायचे. एका तासाला अशाच एका मुलीला मी उभे केले. तिच्या वहीत उत्तराची तीन वाक्ये सुवाच्य अक्षरांत लिहिलेली मला दिसत होती, तिचे ओठ ती वाक्ये पुटपुटत होते, आणि तरीही तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. मी तिला ‘नुसते बोल, चुकले तरी चालेल’ असे म्हणाले आणि ती रडू लागली. चुकले तरी चालेल, हे सांगून पटत नसते. चुकल्यावर खरोखरच काही बिघडत नाही, याचा अनुभव तिला आधी यायला हवा होता. त्या मुलीची मी आजही मनोमन क्षमा मागते.

म्हणून पहिले दोन आठवडे सगळ्या वर्गासमोर कोणालाही एकट्याने बोलायला लावू नकोस. प्रश्न दिल्यावर एक पूर्ण मिनिट कागदावर टिपणे काढू दे, मग शेजाऱ्याशी बोलू दे, मग चौघांच्या गटात. माझा सर्वांत भरवशाचा उपाय असा आहे: एकाच विषयावर पहिल्या जोडीदाराशी चार मिनिटे बोलायचे, तेच दुसऱ्याशी तीन मिनिटांत आणि तिसऱ्याशी दोन मिनिटांत. मजकूर तोच राहिल्यामुळे दरवेळी शब्द शोधण्याचा ताण कमी होतो, अडखळणे घटते, आणि तिसऱ्या फेरीत आपण अस्खलित बोललो हे विद्यार्थ्याला स्वतःच्या कानांनी ऐकू येते. तुझ्या कौतुकापेक्षा त्याचे मोल कितीतरी अधिक आहे. बोलणे चालू असताना मध्ये दुरुस्ती करू नकोस. चुका वहीत टिपून ठेव आणि शेवटच्या दहा मिनिटांत कोणाचेही नाव न घेता फळ्यावर घे.

चुका कोठून येतात हे कळले, की तू कमी टोकशील. बोललेल्या चिनीत ‘तो’ आणि ‘ती’ दोन्ही ‘था’च आहेत, ‘ती’साठी वेगळे अक्षर लेखनात रूढ झाले तेच मुळी 1920 च्या सुमारास. त्यामुळे आईविषयी इंग्रजीत बोलताना ‘शी’ऐवजी ‘ही’ (he) म्हणणाऱ्या मुलाला व्याकरण येत नाही असे समजू नकोस. क्रियापदाला काळाचे प्रत्यय नाहीत, म्हणून ‘यस्टर्डे आय गो’. प्रमाण चिनीत शब्दाचा शेवट स्वराने, न-ने किंवा अनुनासिक ङ-ने होतो, फार तर र-ने, म्हणून ‘आस्क’च्या टोकाला एक जास्तीचा स्वर येऊन चिकटतो. सिच्वान आणि हूनानकडच्या अनेकांचा न आणि ल यांत घोटाळा होतो. यातले फक्त जे अर्थ बिघडवते तेवढेच हाती घे. ‘डिडन्ट यू अंडरस्टँड?’ या प्रश्नाला ‘येस’ असे उत्तर आले, तर मात्र थांब. आपण मराठीत ‘हो, नाही समजले’ म्हणतो, तेच ते म्हणत असतात. तुझ्या इंग्रज सहकाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. तुझी होण्याचे कारण नाही.

चीनच्या शहरांत 1980 च्या दशकापासून बागांमध्ये आणि विद्यापीठांच्या आवारात ‘इंग्रजी कोपरे’ भरत आले आहेत. संध्याकाळी अनोळखी माणसे तिथे जमतात आणि इंग्रजीत तासन्‌तास गप्पा मारतात. तिथे गुण देणारे कोणी नसते आणि उद्या पुन्हा तोंड दाखवायला लागेल असे वर्गमित्रही नसतात. तुझ्या वर्गाला त्या कोपऱ्याचे रूप जितके देता येईल तितके दे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. त्यांच्याकडून थोडी चिनी शीक, तीही सगळ्यांसमोर. मी एकदा ‘मी चहा विकत घेतला’ असे चिनीत म्हणायला गेले. ‘विकत घेणे’ या अर्थाच्या ‘माई’चा सूर खाली जाऊन वर यायचा तो मी सरळ खाली पाडला, आणि त्याचा अर्थ ‘विकला’ असा झाला. मागच्या बाकावरचा, महिनाभर एक शब्दही न बोललेला मुलगा उठला आणि बोटाने हवेत सुराची रेघ काढत इंग्रजीत म्हणाला, ‘टीचर, यू सोल्ड द टी. गो डाउन, देन अप.’ मी चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा त्याने मला न कंटाळता सुधारले, आणि त्या दिवशी तो तास संपेपर्यंत बोलत राहिला.

पहिला आठवडा झाला की कळव. प्रश्न विचारल्यानंतर तुला किती सेकंद थांबता येते हे घड्याळ लावून मोजून लिही. मला तेवढा आकडा आधी हवा आहे.

तुझी जुनी शिक्षिका